पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची का?

निफाडची_सून:
माझी धाकटी जाऊ ३४ वर्षांची, द्राक्षबागेत थिनिंगला जाते. दिवाळीपासून अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली नि सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. आतून तपासलंच नाही. सासूबाई म्हणतात, दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम! सोमवारी ऑपरेशन आहे.

पंचवटीची_सिस्टर:
ताई, आधी सोमवार रद्द करा. नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढत नाहीत.

जातंय ते कसं आहे, हे जावेला विचारा. दोन पाळ्यांच्या मध्ये, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं, बोटांत धरलं तर तार येणारं असेल तर ते बीज सुटतानाचं. निरोगी बाईलाही जातं. दह्यासारखं फुटीर आणि खाज असेल तर बुरशी. पिवळं-हिरवं, घाण वासाचं असेल तर दुसरा संसर्ग, त्यात कधी नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. यातलं बहुतेक औषधानं बरं होतं. संबंधानंतर रक्त जात असेल तर मात्र थांबू नका.

आणि कॅन्सरची भीती घातलीय, तर गर्भाशयाचं तोंड बघायला नको का? स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनीत घालायचं साधन, घालून त्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. सिव्हिलला विचारा.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ६५० बायका तपासल्या, १९८९ साली ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के! अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९७१ साली स्त्री-आरोग्य कार्यकर्त्या कॅरल डाउनर यांनी बायकांसमोर स्वतःची तपासणी करून दाखवली, स्पेक्युलम, आरसा आणि टॉर्च घेऊन. आमच्या शिबिरात मीही तसंच माझ्या गर्भाशयाचं तोंड पाहिलं. गुलाबी, ओलं, मधोमध बारीक छिद्र. इतकी बाळंतपणं केली, पण स्वतःचं तोवर पाहिलं नव्हतं. प्रत्येकीनं एकदा पाहावंच.

सिडको_मनीषा:
पिशवीबरोबर अंडाशयंही काढणार का, हेही विचारा. माझ्या आईची चाळिशीआधी काढली, कुणी सांगितलंसुद्धा नाही. अंगातून वाफा, मग हाडं ठिसूळ.

निफाडची_सून:
जावेला वाचून दाखवलं. दह्यासारखं आहे आणि खाज आहे म्हणाली, लाजेनं बोलली नव्हती. सोमवारी सिव्हिललाच नेते. ते स्पेक्युलम दुखतं का?

पंचवटीची_सिस्टर:
अंग आवळून धरलं तर दुखतं. लघवी करून जा, पाळी चालू असताना नको, श्वास सावकाश सोडायला सांगा. तुम्ही तिच्या उशाशी उभ्या राहा.