हिवाळी भटकंतीसाठी कोणत्या जातीचा कुत्रा निवडावा?

हिमवाट (प्रश्न)

नमस्कार. आम्ही उभयता चार वर्षांपासून कॅनडातील कॅलगरी येथे राहतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल या काळात जवळपास दर शनिवारी कॅनानास्किसच्या डोंगरवाटांवर स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे) घालून आठ-दहा किलोमीटर चालतो. यंदा सोबतीला कुत्रा आणायचे ठरले आहे. पुण्याच्या घरी आमच्याकडे नेहमी गावठी कुत्री असत, परंतु उणे वीस अंशांत तासन्‌तास चालणाऱ्या कुत्र्याचा अनुभव आम्हांला नाही. पत्नीचा ओढा सायबेरियन हस्कीकडे आहे, तर मला अलास्कन मालाम्यूट आवडतो. आम्ही सदनिकेत राहतो. आठवड्यातील तीन दिवस मी घरून काम करतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तरवारा

माझ्याकडे अकरा वर्षे हस्की होता आणि त्याच्यावर माझा फार जीव होता, म्हणूनच सविस्तर लिहितो. थंडीची काळजी या दोन्ही जातींबाबत करू नका. आतली दाट मऊ लव आणि वरचे राठ केस असे दुहेरी आवरण त्यांना असते. विचार करायचा तो त्यांच्या कामाचा. सायबेरियातील चुकची लोकांनी हस्की घडवला तो हलके ओझे घेऊन दूरवर वेगाने धावण्यासाठी. 1925 साली घटसर्पावरील प्रतिविष (अँटिटॉक्सिन) अलास्कातील नोम गावी पोहोचवताना कुत्र्यांच्या गाड्यांनी सुमारे 1,085 किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत पार केले, त्यात सर्वांत लांब व सर्वांत धोक्याचा टप्पा ओढणारा टोगो हस्कीच होता. असा कुत्रा पट्टा लावताच ओढू लागतो, आणि उतारावर स्नोशू घातलेल्या माणसाला तो सहज खाली पाडतो. मोकळा सोडावा, तर हरणामागे गेलेला हस्की हाकेला परतेल याचा भरवसा नसतो. शिवाय तुमच्या अल्बर्टा प्रांतातील प्रांतिक उद्यानांत पट्टा सक्तीचाच आहे.

मालाम्यूट वेगाने कमी, पण ताकदीने त्याहून भारी. जड ओझी ओढण्यासाठी घडलेला हा कुत्रा 34 ते 38 किलोंचा होतो. पहिलाच कुत्रा म्हणून, तोही सदनिकेत, मी तो सुचवणार नाही. दोन्ही जातींची लव वर्षातून दोनदा भरभरून गळते. त्या काळात आम्ही रोज पिशवीभर केस काढत असू.

मात्र पुढे स्कीजोरिंग करायचे असेल, म्हणजे स्कीवर उभे राहून कंबरेच्या पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याकडून ओढून घ्यायचे असेल, तर हस्कीसारखा आनंदी सोबती नाही.

तळ्याकाठी

वरील मताशी मी सहमत आहे आणि तुमच्या वर्णनावरून लॅब्राडोर सुचवते. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या बर्फाळ पाण्यात कोळ्यांसोबत काम करत, त्यामुळे तिची आखूड लवही दाट असून पाणी झटकून टाकते. आमची लॅब्राडोर उणे दहापर्यंत मजेत चालते. त्याखाली आम्ही तिला झूल घालतो आणि उणे वीसच्या पुढे फेरी छोटी ठेवतो. खरा त्रास पंज्यांचा होतो. बोटांमधील केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात आणि कुत्रा लंगडू लागतो. ते केस आखूड कापावेत, निघण्यापूर्वी पंज्यांना मेण लावावे आणि घरी परतताच रस्त्यावरचे मीठ कोमट पाण्याने धुवावे. बूट घालायची सवय पिल्लू असतानाच घरात लावली, तर पुढे ओढाताण होत नाही.

रानपाखरू

दोन गोष्टी राहिल्या. पिल्लाची हाडे पूर्ण वाढेपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्ष, ओढण्याचे काम किंवा लांबची चाल देऊ नका. तुम्हांला याच हिवाळ्यात सोबती हवा असेल, तर बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातील दोन-तीन वर्षांचा प्रौढ कुत्रा घेणे अधिक योग्य, कारण त्याचा स्वभाव आधीच कळतो. दुसरे म्हणजे पाणी सोबत न्या. बर्फ खाऊन कुत्र्याची तहान भागत नाही, उलट शरीराची ऊब खर्च होते.

हिमवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उतारावर पट्टा हातात धरून चालण्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. पत्नीचा हस्कीचा आग्रह अजून मावळलेला नाही, तेव्हा ओळखीच्या एका कुटुंबाचा हस्की पुढील दोन शनिवार आमच्यासोबत नेण्याची परवानगी मागितली आहे. त्याच सुमारास निवाऱ्यातील तीन वर्षांची एक लॅब्राडोर मिश्र कुत्रीही पाहून येऊ. तळ्याकाठी ताई, पंज्यांना लावायचे मेण लांबच्या चालीत वाटेत पुन्हा लावावे लागते का?

तळ्याकाठी

होय. दर दीड-दोन तासांनी, पंजे कोरडे पुसून मगच लावावे.