बडतर्फ आणि 'सेवेतून काढून टाकणे' एकच का?

महालकर: एका विभागीय चौकशीचा आदेश इंग्रजीतून मराठीत करून राहिलो. त्यात डिसमिसल पण आहे अन् रिमूव्हल पण, मी दोन्हीकडे बडतर्फ लिहिलं तर वकील मॅडमनी लाल पेनानं गोल केला. आपण बोलताना तर दोन्हीले बडतर्फच म्हणतो ना?

जुना बाबू: मॅडम बरोबर आहेत. महाराष्ट्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत या दोन वेगळ्या शिक्षा आहेत, डिसमिसल म्हणजे बडतर्फ अन् रिमूव्हल म्हणजे सेवेतून काढून टाकणे. 'काढून टाकलं' तर पुढे सरकारी नोकरीचा रस्ता उघडा राहतो, बडतर्फ झाला की साधारणपणे बंद. एका शब्दानं माणसाचं पुढचं आयुष्य फिरतं, इथे 'चालते' म्हणू नका. आणि निलंबन तर शिक्षाच नाही, लाचेत पकडला अन् ४८ तासांवर कोठडीत राहिला की निलंबित मानतातच.

वऱ्हाडी ताई: बडतर्फ म्हणजे बड्या साहेबातर्फे काढलेला, असं आमचे आजोबा सांगायचे.

जुना बाबू: नाही ताई, फारसी बर-तरफ, म्हणजे बाजूला.

सक्करदरा: मग फारसी कशाले पाहिजे, पदच्युत म्हणा.

महालकर: शिपाई पदच्युत? राजा होते पदच्युत.

वऱ्हाडी ताई: मला तर 'चारित्र्य पडताळणी' खटकते. भाच्याला पोलीस भरतीत साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची मागची माहिती द्यायचा फॉर्म, भरायचा होता, गणपतीच्या वर्गणीवरून मारामारीची जुनी केस, आपसात मिटलेली. घरचे म्हणे पोराच्या चारित्र्यात काय खोट आहे, 'नाही' लिही. अटक झाली होती काय, त्या रकान्यावर पेन टेकवून अर्धा तास बसला होता, शाईचा ठिपका पसरला, शेवटी केस नंबर लिहिला. चारित्र्य म्हटलं की आपल्याकडे बाई-बाटलीच आठवते, तिथे विचारतात ते चरित्र, मागे काय घडलं ते.

जुना बाबू: चांगलं केलं पोरानं. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हेच पाहिलं. खरं सांगितलं तरी सरकार मागचं तपासू शकते, पण लपवलं तर तेच नोकरी जायचं कारण होऊ शकते.

सक्करदरा: म्हणूनच पूर्वेतिहास म्हणा.

वऱ्हाडी ताई: ते ऐकलं की पोरगा सराईत गुंड वाटतो!

महालकर: अन् लाचलुचपत कायद्यातल्या कलम १३ चं क्रिमिनल मिसकंडक्ट? 'गुन्हेगारी गैरवर्तन' लिहिलं तर वाचणाऱ्याले वाटते कोणाशी उद्धट बोलला. तिथे २०१८ पासून दोनच गोष्टी आहेत, अपहार अन् बेहिशेबी मालमत्ता.

सक्करदरा: 'गैर' पण अरबीच आहे.