मदत हवी आहे: घोडीवर किती वजन चालेल?

नमस्कार मंडळी. जाणकारांकडून सल्ला हवा आहे. माझी घोडी १४ वर्षांची आहे. टेपने मोजलं तर छातीचा घेर १७० सेंमी आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी १६० सेंमी भरते. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० या सूत्राने तिचं वजन साधारण ३९० किलो येतं.

आता माझा मोठा भाऊ तिच्यावर बसायला शिकणार आहे. त्याचं वजन ७८ किलो, म्हणजे नेमके २० टक्के. पण खोगीर, खालची गादी, बूट, हेल्मेट धरलं की आकडा ९० किलोच्या पुढे जातो, २३ टक्के! अमेरिकेत २००८ साली झालेल्या एका अभ्यासात २५ आणि ३० टक्के वजनाला घोड्यांचे स्नायू जास्त दुखावलेले आढळले होते. घोडे फक्त आठ होते, तरी मला काळजी वाटतेच.

शिवाय तो नवशिका आहे. तोल न सांभाळणारा स्वार दुडक्या चालीत पाठीवर आपटत राहतो, ते त्याच वजनाच्या सरावलेल्या स्वारापेक्षा जाचक. घोडीची कंबर रुंद आहे, पायांच्या नळ्या जाड आहेत, पण सध्या तिचा व्यायाम कमी झालाय.

सपाट जमिनीवर, फक्त चालवत, वीस मिनिटं बसवलं तर चालेल का? की आधी तिला महिनाभर तयार करावं? आणि पाठ दुखतेय हे सुरुवातीलाच कशावरून ओळखता? खोगीर कसताना ती कान मागे पाडते, हे त्यातलंच असेल का?