मसाज थेरपीचा अभ्यासक्रम निवडताना काय पारखावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मसाज थेरपी पूर्णवेळ व्यवसाय म्हणून रीतसर शिकावी असे मी ठरवले असून, अभ्यासक्रम कसा निवडावा याबाबत या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण अशी की, दोन दिवसांत प्रमाणपत्र हाती ठेवणाऱ्या वर्गापासून दोन वर्षे चालणाऱ्या अभ्यासक्रमापर्यंत सारेच स्वतःला ‘व्यावसायिक’ म्हणवून घेतात. जिथे परवाना सक्तीचा आहे तिथेही एकवाक्यता नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात परवान्यासाठी ५०० तासांचे शिक्षण पुरते, तर न्यूयॉर्कमध्ये १,००० तास लागतात. मग निव्वळ तासांवरून दर्जा ठरवावा, की त्यांतले किती तास शरीररचनेला आणि किती प्रत्यक्ष हातकामाला दिले आहेत हे पाहावे?

दुसरा प्रश्न हातांचा आहे. सध्या मी ओळखीच्या लोकांवर सराव करते. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंवर अंगठ्याने दाब देऊ लागले की थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. ‘सवय झाली की जाईल’ असे सांगणारे पुष्कळ भेटले, पण मला ते पटलेले नाही. वर्षानुवर्षे हे काम करणारी माणसे आपले हात कसे टिकवतात?

प्रतिसाद १

आपल्याला पटले नाही ते बरेच झाले. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा खोगिराच्या आकाराचा असतो. त्यामुळे अंगठा हवा तसा वळतो, पण त्याच मोकळेपणापायी सततचा दाब पेलायला तो कच्चा पडतो आणि पुढे झिजतो. म्हणून अंगठा फक्त चाचपण्यासाठी आणि अगदी नेमक्या, लहान जागेसाठी राखून ठेवावा, मोठ्या स्नायूंवर कोपरापुढचा हात किंवा वळलेली मूठ वापरावी आणि दाब दंडाच्या ताकदीने न देता मागचा पाय रोवून अंगाचा भार पुढे झुकवून द्यावा. टेबल उंच असेल तर हे जमतच नाही. टेबलाशेजारी ताठ उभे राहून मूठ वळून हात खाली सोडल्यावर बोटांची पेरे टेबलाला जेमतेम टेकावीत, एवढी उंची बहुतेकांना मानवते. ज्या वर्गात पहिल्या आठवड्यात उभे कसे राहायचे हे शिकवत नाहीत, तिथे पुढे काय शिकवतात याची चौकशी करण्याचे कष्ट घेऊ नयेत.

तासांची विभागणी जरूर पाहावी, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मसाज केव्हा करायचा नाही हे किती बारकाईने शिकवतात. समजा, एखाद्याची एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी आहे. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता तिथे धरावीच लागते, कारण चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा माणसाला टेबलावर न घेता तातडीने डॉक्टरांकडे पाठवायचे असते. गुडघ्यामागची खळी आणि गळ्याची पुढची बाजू इथे वरवरच शिरा, धमन्या व नसा असल्याने खोल दाब वर्ज्य. ताप किंवा त्वचेचा संसर्ग असतानाही मसाज टाळायचा. टेबलावर घेण्यापूर्वी आजार, औषधे, शस्त्रक्रिया यांची विचारपूस कशी करावी आणि ती कशी नोंदवावी, याचा सराव शिक्षकासमोर झाला पाहिजे. चादर फक्त काम चाललेल्या भागापुरतीच बाजूला करणे आणि दाब सोसवतो का हे विचारत राहणे, हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे.

धागाकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. एकच विचारते: सुरुवात स्वीडिश पद्धतीपासून करावी, की थेट डीप टिश्यू (खोलवरच्या स्नायूंवर दाब देण्याची पद्धत) शिकले तरी चालेल?

प्रतिसाद २

स्वीडिशपासूनच. लांब हात फिरवणे, मळणे, घर्षण, थापटणे आणि कंपन या पाच क्रियांमधून हाताला स्नायूंचे थर कळू लागतात. ते कळण्याआधी दिलेला खोल दाब म्हणजे नुसती दांडगाई. शुल्क भरण्यापूर्वी प्रात्यक्षिकाच्या एका तासाला बसू देण्याची विनंती करावी आणि त्या तासात शिक्षक विद्यार्थ्यांची मनगटे व पाय यांकडे पाहून चुका सुधारतात की स्वतःच सगळे करून दाखवतात, हे लक्षपूर्वक पाहावे.