रात्रीच्या ८० मीटर बँडसाठी विजांचा नकाशा कसा वाचावा?

लांबतार: रात्री हौशी रेडिओच्या ८० मीटर बँडवर (सुमारे ८० मीटर लांबीच्या रेडिओलहरींवर) गप्पांना बसायचे की नाही, हे विजांचा थेट नकाशा पाहून ठरवण्याचा माझा विचार आहे. काल नकाशावर सातशे किलोमीटरच्या आत एकही ठिपका नव्हता, तरीही एस-मीटरची, म्हणजे रेडिओवर येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणाऱ्या मापकाची, सुई दर दोन-तीन सेकंदांनी एस ३ वरून एस ९ वर उसळत होती आणि समोरच्याचे अर्धे वाक्य कडकडाटात बुडत होते. नवीन काही विकत घ्यायचे नाही, फोनवरच्या फुकट नकाशावरच भागवायचे आहे. किती अंतरापर्यंतच्या विजा धराव्यात?

वेटोळे: नकाशापेक्षा ऐकण्यासाठी वेगळा लूप (वेटोळ्याच्या आकाराचा) अँटेना घ्या. मी घेतल्यापासून वादळाच्या दिशेला त्याची बहिरी (सर्वांत कमी ऐकणारी) बाजू फिरवतो आणि खरखर स्पष्टपणे उतरते. इतका समाधान देणारा खर्च मी दुसरा केलेला नाही.

रात्रपाळी: त्यांनी खर्च नको म्हटले आहे. लांबतार साहेब, अंतराचा एकच आकडा दिवसरात्र चालत नाही. दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) सर्वांत खालचा डी थर ८० मीटरच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे दुपारी जवळचीच वादळे त्रास देतात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या विजाही वरच्या थरावरून परावर्तित होऊन कानावर आदळू लागतात. म्हणून रात्री नकाशा लहान करून खूप लांबवर पाहावे. पूर्वेकडे अंधार आधी पडतो, तेव्हा संध्याकाळी पूर्वेची वादळे पश्चिमेच्या आधी ऐकू येतात.

स्वयंसेवक: ब्लिट्सऑर्टुंग या विजा टिपणाऱ्या जाळ्याचा थेट नकाशा हौशी मंडळींनी चालवलेल्या केंद्रांवर उभा आहे. एकाच विजेची लहर निरनिराळ्या केंद्रांवर पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून जागा काढली जाते, आणि त्यात एक मायक्रोसेकंदाची चूकही सुमारे तीनशे मीटरची ठरते. जिथे केंद्रे विरळ, तिथे विजा निसटतात, त्यामुळे रिकामा नकाशा म्हणजे निरभ्र आकाश नव्हे. आपण स्वतःच एक केंद्र उभारावे, मी उभारले आहे.

जळालेला: ठिपके लांब आहेत या भरवशावर मी अँटेनाची केबल रेडिओला जोडलेली ठेवली. वीज शेजारच्या झाडावर पडली आणि बंद असलेल्या सेटचा रिसीव्हर गेला. केबल काढून तिचे टोक काचेच्या बरणीत ठेवत जा.

रात्रपाळी: बरणीने काहीही साधत नाही. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत हवा फोडून येते, तिला काचेचा अडसर तो कितीसा? केबल घराबाहेरच सोडवून अर्थिंगला जोडावी.

जळालेला: माझ्या गुरूंनी आयुष्यभर बरणीच वापरली आणि त्यांचा एकही सेट जळला नाही.

वीसमीटर: विजांचा गोंगाट वरच्या (जास्त वारंवारतेच्या) बँडवर कमी होतो, तेव्हा २० मीटरवर यावे. लूपही चांगलाच, वर सांगितलेच आहे.

लांबतार: सर्वांचे मनापासून आभार. केबल यापुढे बाहेरच सोडवीन. लूप, केंद्र किंवा २० मीटर यांपैकी मात्र काहीच घेणार नाही, कारण माझे जुने सोबती ८० मीटरवरच भेटतात. महिनाभर रोज रात्री नकाशावरचे अंतर, दिशा आणि सुई वहीत टिपणार आहे. आजची पहिली नोंद : रात्री ९ वाजता, आग्नेयेस अंदाजे १,४०० किलोमीटर, एस ७.