‘विश्वास’ आणि ‘विश्वासूपणा’ : मूळ शब्द एकच का?

प्रश्न : रविवारी महिला मंडळात बायबलमधल्या गलतीकरांस ५:२२ या वचनावर बोलायचंय. आत्म्याच्या फळात, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे येणाऱ्या गुणांत, ‘विश्वासूपणा’ येतो. मी मंडळाची खजिनदार, त्यामुळे वह्या चोख ठेवणं एवढंच डोक्यात येतं. ‘विश्वास’ वेगळा ना?

उत्तर १ : नव्या कराराच्या ग्रीकमध्ये दोन्हींना ‘पिस्तिस’च. अर्थ संदर्भावरून ठरतो. रोमकरांस ३:३ मध्ये तो शब्द देवाविषयी आहे. देव कुणावर श्रद्धा ठेवणार? म्हणजे तिथे अर्थ विश्वासूपणाच.

उत्तर २ : जुन्या कराराच्या इब्रीत (हिब्रूत) विश्वासूपणाला ‘एमुना’. ताई, निर्गम १७:१२ काढा. अमालेक्यांशी लढाई चाललीय, इस्राएलांचा पुढारी मोशे, त्याचे वर धरलेले हात भरून आलेत. त्याला दगडावर बसवलंय. एकीकडून अहरोन, दुसरीकडून हूर हात धरून उभे. सूर्य मावळेपर्यंत हात ‘एमुना’ राहिले, म्हणजे स्थिर. ‘आमेन’ त्याच धातूचा.

प्रश्नकर्ती : अगं बाई, हात! हे आमच्यात पटकन कळेल, निम्म्या जणींचे खांदे धरलेत. मग वह्या राहू देऊ?

उत्तर १ : छे, लूक १६:१० आहे की! थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही. आणाच.

प्रश्नकर्ती : आणते. गेल्या महिन्याचे २० रुपये जुळत नाहीयेत, ते आधी शोधते.