गौताळ्याच्या रानातून खानदेशात उतरणारी जुनी पायवाट कशी शोधावी?

प्रश्न : घाटमाथा

सप्रेम नमस्कार. आमचे गाव कन्नड तालुक्यात, सातमाळा डोंगराच्या अगदी कडेवर आहे. माझी आजी खानदेशातली. लग्नानंतर ती डोंगर चढून पायीच या गावी आली आणि पुढे कितीतरी वर्षे तिच्या माहेरची माणसे पाटणादेवीच्या बाजूने त्याच वाटेने वर येत असत. एसटी औट्रम घाटातून धावू लागली तशी ही वाट ओस पडत गेली आणि आता तर गावातील गुराखीही कड्याच्या पुढे जात नाहीत.

गेल्या माघात मी गावाच्या बाजूने खिंडीपर्यंत जाऊन आलो. खिंडीच्या अलीकडे साठ-सत्तर पावले अंतरावर ओळीने बसवलेले दगड स्पष्ट दिसले आणि ही आजीचीच वाट असावी असे मनोमन वाटले. मात्र तेथून पुढे तीन रेघा फुटतात. एक सरळ खाली जाते, दुसरी डोंगराच्या पोटाशी आडवी जाते आणि तिसरी घाणेरीच्या जाळीत शिरून दिसेनाशी होते. यांतील खरी वाट कोणती हे जमिनीवरून कसे ओळखावे, कोणत्या जुन्या नकाशात तिचा शोध घ्यावा आणि पुढचे रान अभयारण्यात येत असल्यामुळे परवानगी कोणाकडे मागावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आजी आज हयात नाही, परंतु तिच्या वयाच्या दोन-तीन जणी गावात आहेत, म्हणून हे काम याच वर्षी व्हावे असे वाटते.

उत्तर : निवृत्त मोजणीदार

आपल्या प्रश्नातील नकाशाच्या भागाबद्दल लिहितो, कारण माझी सगळी नोकरी त्यातच गेली.

सर्वप्रथम तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून आपल्या गावाच्या नकाशाची नक्कल घ्यावी. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरलेली असते. आज जेथे पाऊल ठेवायलाही जागा नाही तेथे कागदावर सव्वाआठ फुटांची वाट निघते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. ती एकेरी तुटक रेषा शिवेवर कोठे संपते, तो बिंदू नीट टिपून ठेवावा.

खरी अडचण पुढे सुरू होते. आपली वाट दोन राज्यांच्या सरहद्दीवरची होती. घाटमाथा निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि खालचे चाळीसगाव इंग्रजांच्या खानदेशात, अशी 1947 पर्यंतची स्थिती होती. दोन्हीकडची मोजणी वेगवेगळ्या सरकारांनी वेगवेगळ्या पद्धतीने केली. त्यामुळे केवळ आपल्या बाजूचा नकाशा पाहून भागणार नाही, तर डोंगराखालच्या गावाचा नकाशाही जळगाव जिल्ह्यातून मिळवावा आणि शिवेवर दोन्ही रेषा एकमेकींना मिळतात का ते पाहावे. आपल्याकडील जुने सेतवार, म्हणजे मोजणीच्या वेळच्या जमिनींच्या नोंदी, उर्दूत आहेत, म्हणून उर्दू वाचणारी एखादी वडीलधारी व्यक्ती सोबत असावी.

यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा पाहावा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, 20 मीटर उंचीचा फरक असतो. त्यावर पायवाटही दाखवलेली असते, पण तिच्यावर एकदम विसंबू नये. समोच्च रेषा कोठे विरळ होतात ते पाहिले की कड्याला उतार कोठे सापडतो हे कळते आणि पूर्वीच्या माणसांनीही तोच उतार धरलेला असतो.

करोडगिरीचा नाका कोठे होता, हे गावातील वृद्धांना अवश्य विचारावे. सरहद्दीवर जकात घेणारा नाका वाहत्या वाटेवरच बसवला जात असे आणि वाट विसरलेल्या माणसालाही नाक्याची जागा बहुधा आठवते.

उत्तर : पायी फिरणारा, सोयगाव

वाट शोधण्यापूर्वी ती कोणासाठी होती हे ठरवावे, असे मला वेताळवाडी आणि जंजाळा या किल्ल्यांच्या भोवतीच्या रानात पंधरा वर्षे फिरल्यावर वाटते. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लादलेला लमाणांचा बैल आणि किल्ल्यावरचा शिपाई या तिघांच्या वाटा सारख्या नसतात. शिपाई उभ्या चढणीने जातो. लादलेल्या बैलाला मात्र सौम्य चढ लागतो, वळणावर गोणी कड्याला घासू नये इतकी रुंदी लागते आणि ठरावीक अंतरावर पाणी लागते. आपल्याला दगड बसवलेले दिसले, म्हणजे या वाटेवर केवळ माणसांची ये-जा नव्हती, जनावरेही लादून नेली जात असली पाहिजेत. केवळ माणसांसाठी इतके दगड कोणी वाहून आणत नाही.

आता आपल्या तीन रेघांविषयी. जी सरळ खाली जाते ती वन विभागाची जाळरेषा असण्याची शक्यता अधिक आहे. वणवा अडवण्यासाठी काढलेली जाळरेषा उताराची पर्वा न करता जाते, परंतु ओझे घेतलेला माणूस कधीही तशी वाट धरत नाही. जी आडवी जाते तिच्यावर अर्धा तास चालून पाहावे. ती जराही चढत-उतरत नसेल आणि तिच्या खालच्या अंगाला मातीचा बांध असेल, तर तो जलसंधारणाचा सलग समतल चर समजावा. माती भरून गवत वाढलेला चर पायवाटेसारखाच दिसतो आणि मी स्वतः अशा एका चराच्या मागे पूर्ण दिवस घालवला आहे. म्हणून माझा भर आपल्या तिसऱ्या रेघेवर आहे. वाट मोडली की तेथे ऊन पोहोचते आणि घाणेरीला तीच उघडी जागा मानवते. तेव्हा जाळी दाट आहे म्हणून तिला टाळू नये, तर वळसा घालून पलीकडे जावे आणि रेघ पुन्हा उगवते का ते पाहावे.

गुरांच्या वाटा मात्र सर्वांना चकवतात. त्या एकीवर एक अशा अनेक असतात, एकमेकींना छेदतात आणि शेवटी पाण्यावर किंवा चराईच्या पठारावर विरून जातात. माणसाची वाट एकच असते आणि तिला पोहोचण्याचे ठिकाण असते.

रेघ पुसली असेल तेथे झाडे पाहावीत. सालई, धावडा, पळस आणि टेंभुर्णीच्या रानात एखादी जुनी चिंच किंवा आंबा एकटाच उभा असेल, तर तो बहुधा कोणी तरी लावलेला असतो आणि तेथे विसावा किंवा पाणी असण्याचा संभव असतो. खिंडीच्या तोंडाशी लहान दगडांचा ढीग दिसला, तर तो पावसाने जमवला असे समजू नये, कारण जाता-येता देवाला एक दगड वाहण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी होती. शेंदूर पुसलेला म्हसोबाही अशाच जागी भेटतो.

या डोंगराच्या वाटा किती जुन्या असतील, याची कल्पना आपल्याजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत येते. तेथील ब्राह्मी लेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मितदेव नावाच्या गंधिकाचे दान नोंदले आहे. पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी या कड्यावर दान देतो, त्या अर्थी त्याच्या मालाची वाट जवळूनच जात असणार. अंतूर किल्ल्याच्या दक्षिणेला तर अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातील चौकोनी दगडी स्तंभ आहे आणि कोणती वाट कोठे जाते हे त्यावर फारसीत कोरलेले आहे. तो एकदा अवश्य पाहून यावा.

शोधाला माघ-फाल्गुन हाच काळ योग्य. पानगळ झालेली असते, आणि सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर तिरपे ऊन पडले की उतारावर कोरलेली वाट सावलीच्या रेघेने उठून दिसते. भर दुपारी तीच जागा सपाट भासते.

उत्तर : शिक्षिका, नागद परिसर

मी डोंगराच्या पायथ्याकडून लिहिते आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झाले असून तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 लागू आहे. परवानगीशिवाय आत जाणे हा गुन्हा ठरतो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून आपला हेतू, तारीख आणि सोबतच्या माणसांची नावे द्यावीत व त्या बीटचा वनरक्षक सोबत मिळावा अशी विनंती करावी. वनरक्षकाला पाणवठे आणि आग्या मोहोळांचे कडे ठाऊक असतात. या रानात बिबट्या आणि अस्वल आहेत, 2021 मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याहून चालत आलेला वाघही येथे पोहोचला होता. फांद्या तोडू नयेत आणि दगडांवर रंगाचे बाणही काढू नयेत.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. सापडलेल्या वाटेची अचूक नोंद सर्वांसाठी खुली करू नये. वाटेवर जुनी मूर्ती, वीरगळ किंवा बुजलेले टाके असेल, तर गुप्तधनाच्या आशेने खणणारे तेथे आधी पोहोचतात. आमच्या जवळच्या एका खिंडीतील वीरगळ असाच उखडला गेला.

गावातील आजींना नकाशा दाखवून विचारण्यात अर्थ नाही. पाणी कोठे प्यायलात, डोक्यावरचे ओझे कोठे उतरवले, लहान मूल कडेवर असताना भीती कोठे वाटायची, असे विचारावे. माझ्या सासूबाईंना दिशा सांगता येत नव्हती, परंतु वाटेतील सातही थांबे त्यांना क्रमाने आठवत होते.

प्रश्नकर्ता : घाटमाथा

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आडवी रेघ मी पुन्हा जाऊन पाहिली. ती कोठेही चढत-उतरत नाही आणि खालच्या अंगाला बांध आहे, म्हणजे तो चरच निघाला. गाव नकाशासाठी अर्ज दिला असून वन विभागाकडील अर्ज या आठवड्यात देतो.

काल शेजारच्या आजींना बाईंनी सुचवल्याप्रमाणे ओझे कोठे उतरवत असत ते विचारले. क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या, “चिंचेखाली. तिथं आडवा दगूड हाय, त्येच्यावर पाटी टेकवायची, खाली वाकावं लागत न्हाई.” खिंडीपर्यंत मला एकही चिंच दिसली नव्हती. ती घाणेरीच्या पलीकडे असावी. परवानगी मिळाली की प्रथम तिकडेच जाईन आणि दगड सापडला तर येथे कळवीन.